एकशे त्रेसष्ट

पारोळ्यात, किल्ल्याच्या खंदकाकडे पाठ करून
निंबा नानाचं दुकान: लग्नपत्रिका, बिलबुकं,
उत्तरकार्याची कार्डं तासाभरात.
वैशाखातली दुपार, कूलरमधलं पाणीही तापलेलं.
पुतण्यानं पुण्याहून स्क्रीन पाठवला, सत्तावीस इंची,
तेव्हापासून नाना काचेला नाक लावून बसलेला.

"माले काहीच दखास नही," म्हणाला,
"मुंग्या शेतस नुसत्या."

मी वाकून पाहिलं.
मेनूतली अक्षरं खरंच राळ्याएवढी,
आणि शेजारच्याच खिडकीत
चि. सौ. कां. भिंतीवर रंगवल्यासारखं अवाढव्य,
वरच्या कडेनं अनुस्वार कापून नेलेला.
ओके म्हणायचं बटण पडद्याच्या खाली कुठेतरी,
बोरीच्या पात्रात गेलं असावं.

टर्मिनल उघडलं, एक्सरँडरला विचारलं.
त्यानं छातीठोक सांगितलं:
रुंदी एकशे साठ मिलिमीटर, उंची नव्वद.
म्हणजे पोस्टकार्ड, फार तर बोटभर मोठं.
लिनक्सवर हे पाहिलंय मी.
स्क्रीन स्वतःविषयी खोटं बोलतो,
काही प्रोग्राम ते खरं धरून चालतात,
काही ऐकतच नाहीत, गुपचूप शहाण्णव धरतात,
इंचाला शहाण्णव ठिपके,
कुण्या जुन्या, जड, फुगीर काचेच्या मापानं.

आधी सोपं केलं: दुप्पट.
पत्रिकेवरचा गणपती मांडवाएवढा झाला,
माउसचा बाण मात्र होता तेवढाच, त्याच्या सोंडेवर माशी.
मग दीडपट. अक्षरं बेताची झाली,
पण ओल्या कागदावर छापल्यासारखी, कडा फुटलेली.
नानानं बोट लावून पाहिलं, शाई पसरली का म्हणून.
बोट कोरडंच.

मग तो उठला.
खालच्या ड्रॉवरमधून पितळी पट्टी काढली,
एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला पायका.
तीस वर्षं खिळे जुळवले त्यानं,
उलटी अक्षरं सरळ वाचत;
प्रेस भंगारात किलोवर गेला, पट्टी राहिली.
डावीकडून उजवीकडे मोजत गेला,
फुटाची पट्टी उचलून ठेवत, नखानं खूण धरत.
साडेतेवीस.

"ठिपका किती?"
तीन हजार आठशे चाळीस, मी म्हणालो.
एका वाया गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर,
कुण्या बोरसेंच्या मुलीचा मांडव पालथा घालून,
त्यानं भागाकार मांडला. हातचे पुटपुटत.
एकशे त्रेसष्ट, आणि वर थोडं.
"वरलं सोडी दे."
आणि मग पडद्याकडे बघत, जरा रागानंच:
"बारा पॉइंटन्या सहा ओळी बसतस इंचमा.
कोणी सांगंच नही का याले?"

त्याच्या फोल्डरात एक लपलेली फाईल असते,
नावाआधी ठिपका असलेली.
तिच्यात मी एक ओळ लिहिली, शेवटी आकडा: एकशे त्रेसष्ट.
लॉगआउट केलं. पुन्हा आत आलो.

राळ्याचे दाणे फुगून हरभरे झाले होते.
भिंत उतरून कागदाएवढी झाली होती,
कां वर अनुस्वार परत,
बटण खालच्या कोपऱ्यात निमूट उभं.
नानानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही;
पट्टी पुन्हा काचेला लावली, ओळी मोजल्या.
चार, पाच, सहा.
पट्टी धोतराला पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली.

नावपासवर्डाचा पहिला पडदा तेवढा तसाच राहिला,
त्याची फाईल वेगळी, रूटच्या ताब्यातली.
निळ्या अंधारात राळ्याएवढं एक नाव.
तेही करून टाकू का, मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला, "तठे मन्हंच नाव शे,"
आणि चष्मा कपाळावर चढवून
बोरसेंच्या मुलीच्या नावातला उकार
ऱ्हस्व की दीर्घ, ते बघायला बसला.